देवाच्या राज्यात भक्ताची जागा कोणती?

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

मराठी कवितेचा अभ्यास करताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव लवकरच भेटते. ‘फुलामुलांचे कवी’ एवढी त्यांची ओळख परीक्षेपुरती पुरतेही. परंतु ह्या कवीने १९१७ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यास बिऱ्हाड नेले, ते कवितेसाठी नव्हे. त्यांनी एक मंडळी उभारायला घेतली होती. तिचे नाव ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्या दरबारात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत होते. स्वतः टिळकांनी बाप्तिस्म्याची किंमत पुरेपूर मोजलेली होती. मग ही मोकळीक त्यांनी कशी दिली? ख्रिस्ती श्रद्धेत ‘देवाचे राज्य’ म्हणतात ते काय आहे, आणि त्यात साध्या श्रद्धावंताची जागा कोणती, हे समजून घेतल्याशिवाय ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मी जन्माने ख्रिस्ती नाही. मराठीचा विद्यार्थी म्हणून हा शोध घेत गेलो आणि कोल्हापुरात राहत असल्याचा त्यात मला पुष्कळ उपयोग झाला, तो कसा हे ओघाने येईल.

प्रथम ‘राज्य’ हा शब्दच पाहू. नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. तेथील शब्द आहे ‘बासिलेया’. त्याचा मुख्य अर्थ राजेपण, राजाची सत्ता. मुलूख हा अर्थ त्यामागून येतो. आपल्या ‘राज्य’ शब्दालाही ह्या दोन्ही बाजू आहेत. ‘कोल्हापूरचे राज्य’ म्हटले की डोळ्यांपुढे हद्द येते, आणि ‘त्या घरात आजीचे राज्य आहे’ म्हटले की हद्दीचा प्रश्नच उरत नाही, आजीचा शब्द चालतो एवढेच आपण म्हणत असतो. येशूच्या बोलण्यातील राज्य हे ह्या दुसऱ्या प्रकारचे आहे. पिलातापुढे उभा असताना आपले राज्य ह्या जगाचे नाही असे तो सांगतो (योहान १८), त्याचा अर्थ ते आकाशात कोठेतरी आहे असा नाही; त्याची सत्ता जगातील सत्तांप्रमाणे शिपायांच्या जोरावर चालत नाही, असा आहे.

कोल्हापूरकराला हा भेद समजायला जड जाऊ नये. १ मार्च १९४९ रोजी आपले संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि नकाशावरची हद्द पुसली गेली. राजर्षी शाहू महाराज तर १९२२ सालीच गेले. तरीही आमच्या मंगळवार पेठेत एखाद्या जातीच्या मुलाला कोणी कमी लेखले तर ‘महाराजांच्या गावात हे चालायचं नाही’ असे म्हणणारे वडीलधारे आढळतातच. येथे ज्याचे राज्य चालले ते मुलखावर नव्हे, मनावर. उपमा अपुरी आहे हे मी जाणतो, पण दिशा बरोबर आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘स्वर्गाचे राज्य’ असा प्रयोग आहे, तर मार्क व लूक ‘देवाचे राज्य’ म्हणतात. देवाचे नाव सहसा उच्चारायचे नाही ह्या यहुदी रीतीमुळे हा फरक पडला, असे अभ्यासक सांगतात. अर्थ एकच. परंतु ‘स्वर्ग’ शब्दामुळे मराठी वाचकाचा समज असा होतो की हे राज्य मेल्यानंतरचे आहे. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ च्या आपल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. मराठी मनाशी बोलण्याची त्याची हौस दाद देण्याजोगी आहे, पण वैकुंठ म्हटले की वाट मरणापलीकडे गेलीच! लूकच्या सतराव्या अध्यायात परूशी लोक येशूला विचारतात, हे राज्य येणार कधी? तेव्हा ते आपल्या माणसांतच असल्याचे तो सांगतो. त्या जागच्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अंतःकरणात’ की ‘तुमच्या मंडळीत’ ह्यावर पंडितांचा वाद आहे. मराठी भाषांतरकारांनी ‘तुमच्यामध्ये’ हा शब्द घेतला आणि तो वाद नकळत मिटवला, कारण ‘मध्ये’ ह्या आपल्या शब्दयोगी अव्ययात दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. आपल्या भाषेचे हे सामर्थ्य मला फार आवडले.

राज्य म्हणजे देवाची चालणारी सत्ता, हे एकदा पटले की पुढचा प्रश्न: त्यात माणूस शिरतो कसा?

आमच्या पेठेत नवीन पोरगा दिसला की पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या तालमीचा?’ तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा आखाडा नव्हे. गणपती, फुटबॉल, भांडण, मर्तिक, सगळ्यांत माणूस तालमीच्या नावाने ओळखला जातो. आणि हे नाव मिळते बहुधा जन्माने. येशूकडे रात्रीच्या वेळी आलेला निकदेम हा असाच जन्माने आतला असलेला माणूस होता: यहुदी, परूशी, वर शास्त्री. त्याला येशू सांगतो की नव्याने जन्मल्याशिवाय हे राज्य दिसायचेही नाही (योहान ३). म्हणजे जन्मच हवा, पण आईच्या पोटचा नव्हे. कुळ, जात, पेठ, विद्वत्ता, कशाच्याही जोरावर येथे आत जाता येत नाही. हा मुद्दा ऐकायला गोड आहे. ज्याचे कुळ मोठे त्याला मात्र तो कडू लागतो, आणि निकदेमाला लागलाच.

संत पौल हाच विचार दुसऱ्या शब्दांत मांडतो, आणि माझ्या मते ह्या सर्व विषयाची किल्ली तेथे आहे. तो म्हणतो, तुम्ही आता दास नाही, तुम्हांला दत्तक घेतले आहे, आणि पुत्र झालात म्हणून वारसही झालात (रोमकरांस पत्र ८, गलतीकरांस पत्र ४). रोमन कायद्यात दत्तक पुत्राला औरस पुत्राइतकाच पूर्ण हक्क असे. हे समजावून सांगायला इतर ठिकाणी टीप द्यावी लागेल. कोल्हापुरात लागू नये. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव हे दहा वर्षांचेही नव्हते, तेव्हा १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. गादी त्यांनी जिंकली नव्हती, परीक्षा देऊन मिळविली नव्हती. ती त्यांना दिली गेली. पण म्हणून ते ‘कमी’ छत्रपती होते असे कोणाची म्हणायची छाती आहे? ह्या गादीवरचा सर्वांत मोठा राजा दत्तकच होता.

दत्तकाच्या ह्या दृष्टान्तात तीन गोष्टी आपोआप येतात. एक, जागा देणाऱ्याच्या मर्जीने मिळते, घेणाऱ्याच्या लायकीने नव्हे. ख्रिस्ती लोक ज्याला ‘कृपा’ म्हणतात ती हीच. दुसरी, एकदा मिळाली की ती अर्धी नसते. आणि तिसरी गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवत नाही: दत्तक जाणाऱ्याचा जन्मघरच्या वारशावरचा हक्क सुटतो. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे त्याचे गोत्रही बदलते.

महाराष्ट्रातील पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती लोकांनी ही तिसरी बाजू अंगावर घेतली. बाबा पदमनजी हे बेळगावचे, जातीने कासार. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ह्या कादंबरीचे कर्ते म्हणून आपण त्यांना जाणतो. परंतु विधवांची दुःखे सांगणाऱ्या ह्या लेखकाचा स्वतःचा संसार धर्मांतरामुळे मोडला होता, कारण पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही. कंपनी सरकारने १८५० मध्ये कायदा करून धर्मांतर केलेल्याचा मालमत्तेचा वारसा राखला होता. पुढे १८६६ मध्ये अशा तुटलेल्या विवाहांविषयीही कायदा झाला. कायद्याने वाटणीची जमीन मिळू शकते. आईच्या हातचे पान, भावाचे बोलावणे, पंगतीतली जागा हे कोणते कोर्ट देणार? पौलाच्या पत्रातील ‘वारस’ हा शब्द असा माणूस वाचतो तेव्हा तो त्याला अलंकार वाटत नसणार. एका घरातून तो खरोखरच बेवारस झालेला असतो.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, तुम्ही आता परके व उपरे नसून देवाच्या घरची माणसे आहात, ह्या आशयाचे वाक्य आहे. ‘उपरा’ ह्या शब्दाचा भार मराठी वाचकाला लक्ष्मण माने ह्यांच्या आत्मकथनानंतर वेगळा सांगावा लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. घरात घेतले, पण बसायचे कोठे? हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. जब्दीच्या मुलांची आई तो प्रत्यक्ष येशूपुढे घेऊन गेली होती (मत्तय २०). राज्य आले की माझा एक मुलगा उजवीकडे आणि एक डावीकडे बसावा, एवढेच तिचे मागणे. आपल्याकडील कोणत्याही आईने हेच मागितले असते. आणि दरबार म्हटला की आसनांचा क्रम आलाच. आपल्या दसरा चौकातील सोहळ्यात मानकरी कोण, कोणाची जागा कोठे, हे ठरलेले असते आणि त्यात चूक झालेली कोणाला खपत नाही. येशू त्या माउलीवर रागावत नाही. तो मुलांना विचारतो, मी जो प्याला पिणार तो तुम्हांला पिववेल का? मग इतर शिष्य चिडतात (त्यांनाही त्याच जागा हव्या होत्या, हे उघड आहे) तेव्हा तो सर्वांना जवळ बोलावून सांगतो की परराष्ट्रीयांचे राजे सत्ता गाजवतात, तुमच्यात मात्र ज्याला मोठे व्हायचे त्याने सेवक व्हावे.

हे वाचताना मला एकदम आठवला तो आपल्या गल्लीतील लपंडाव. खेळ सुरू होण्यापूर्वी पोरे ओरडतात, ‘राज्य कुणावर?’ आणि ज्याच्यावर राज्य येते त्याने डोळे मिटायचे, आकडे म्हणायचे आणि बाकीच्यांना शोधत उन्हातान्हात हिंडायचे. मोठ्यांच्या भाषेत राज्य मिळते. मुलांच्या भाषेत राज्य ‘येते’, तेही अंगावर, आणि ज्याच्यावर आले तो सर्वांत कष्टी. इतर भाषांतील खेळांत काय म्हणतात ह्याच्याशी मला कर्तव्य नाही. मराठी मुलांनी मात्र येशूच्या राज्याची व्याख्या खेळता खेळता करून ठेवली आहे. हरवलेल्यांना शोधत हिंडणाऱ्यावर राज्य असते!

म्हणजे भक्त हा ह्या राज्यात वारस आहे आणि चाकरही आहे. ह्या दोन गोष्टी एकमेकींना कापीत नाहीत का? मला वाटते, नाही. चाकर जेव्हा जागा मिळावी म्हणून राबतो तेव्हा ती लाचारी असते. ज्याची जागा पक्की आहे तो राबतो तेव्हा ते घरचे काम असते. घरच्या लग्नात उष्टी काढणाऱ्या मुलाला कोणी नोकर म्हणत नाही.

ह्यापुढे आणखी एक शब्द येतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना ‘याजक’ म्हटले आहे, म्हणजे देवापुढे उभे राहण्याचा अधिकार असलेले, आणि तो सर्वांना उद्देशून आहे. आपल्या समाजात पौरोहित्याचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता हे सांगायला नको. विधवेला तर मंगलकार्यात समोर यायची चोरी. ह्या पार्श्वभूमीवर केडगावचे मुक्तिसदन पाहावे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी चर्चच्या वरिष्ठांची सत्ता त्यांनी डोळे मिटून कधी मानली नाही. आपल्यावर राज्य ख्रिस्ताचे, बिशपांचे नव्हे, ही त्यांची भूमिका सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात जागोजाग दिसते. ह्याच रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे घालून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या वारल्या. भाषांतर दोन वर्षांनी बाहेर आले. त्याचे खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम केडगावच्या स्त्रियांनी केले. दुष्काळातून, वैधव्यातून वाचून तेथे आलेल्या बाया पवित्र शास्त्राचा मजकूर अक्षरागणिक स्वतःच्या हातांनी लावीत होत्या. ‘याजक’ शब्दाचा ह्याहून चांगला अर्थ मला कोठल्याही भाष्यग्रंथात मिळालेला नाही.

चित्र एवढे सुंदर ठेवून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पौलाने यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत असे लिहिले. पण जात मराठी माणसाबरोबर चर्चच्या दारातून आत गेलीच. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांना बाहेरच्यांनी अस्पृश्यच मानले, आणि आतल्यांनीही पुष्कळदा पूर्वीची जात विसरू दिली नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने सवलती हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. राज्याच्या दृष्टीने त्यांची जात गेली, शेजाऱ्याच्या दृष्टीने राहिली. देवाच्या राज्यात वारस आणि गावच्या पाणवठ्यावर उपरा, अशा दोन नागरिकत्वांच्या मध्ये उभे राहणे ही कल्पना नव्हे, अनेकांचे रोजचे जगणे होते. आमच्याच गावात शाहू महाराजांनी इतर जातिधर्मांच्या मुलांप्रमाणे ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही १९१५ साली वसतिगृह काढले, त्यामागे हे भान असले पाहिजे.

आता टिळकांकडे वळतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे आल्या तरी सोवळे आणि चूल वेगळी होती. जातिभेद हा देवाने केलेला नाही, हे त्यांना कोणाच्या प्रवचनाने पटले नाही, स्वतःच्या विचाराने एके दिवशी पटले, आणि त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्याच्याही नंतर, १९०० साली. हा क्रम नीट लक्षात घ्यावा. वहीत नाव लागण्यापूर्वीच ‘स्मृतिचित्रे’कार बाईंवर नव्या राज्याची सत्ता चालू झालेली होती.

टिळकांच्या डोळ्यांपुढे हे उदाहरण घरातच होते. शिवाय त्यांनी दुसरेही पाहिले होते: मिशनच्या पगारावर जगणारा, मिशनच्या आवारात राहणारा, साहेबाच्या तोंडाकडे पाहणारा श्रद्धावंत. तो कागदोपत्री राज्याच्या आत होता, आणि त्याची वृत्ती मात्र चाकराची झाली होती. म्हणून त्यांनी मंडळी आणि राज्य ह्यांत फरक केला. मंडळीला नोंदवही लागते. राज्याची हद्द नोंदवहीच्या कडेशी संपते असे कोण म्हणेल? बाप्तिस्मा निरर्थक आहे असे टिळक म्हणत नव्हते. ज्याने तो घेतला नाही पण जो ख्रिस्ताला गुरू मानून चालू लागला, त्याला दाराबाहेर उभे करण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. तुकोबांच्या अभंगांतून ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाला दुसरे काही म्हणता आले नसते.

त्यावर आक्षेप आहे आणि तो हलका नाही. दत्तक जायचे, पण जन्मघरचा हक्क सोडायचा नाही, असे चालेल काय? पदमनजींनी किंमत मोजली. ज्याला काहीच सोडावे लागले नाही त्याची जागा तीच कशी? ह्यावर माझे उत्तर असे की किंमत बाप्तिस्म्याच्या पाण्यात नसते. जब्दीच्या मुलांना विचारलेल्या त्या प्याल्यात असते, आणि तो प्याला बाप्तिस्मा घेतलेल्यालाही चुकवता येतो. टिळकांची नावाची निवड मला पूर्णपणे पटत नाही, हे सांगितले पाहिजे. ‘दरबार’ म्हटले की मानपान डोकावतो. पण मानकऱ्यांशिवायचा दरबार असे काही त्यांच्या मनात असेल, तर शब्द मुद्दाम उलटा वापरला असणेही शक्य आहे.

दरबार भरला, पण फार दिवस नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले आणि त्यांच्यामागे तो त्या रूपात टिकला नाही. संघटना उभारण्याचा पिंड त्यांचा नव्हता. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या जे. सी. विन्स्लो ह्या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यात ह्या कल्पनेचा काही अंश पुढे गेला. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्यही टिळकांच्या हातून थोडेच झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरांशी आयुष्यभर झगडणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्याचा बराच मोठा भाग स्वतः लिहिला. बाप्तिस्मा, पाळक, मिशन, दरबार ह्यांपैकी कोणी त्यांना ते काम नेमून दिलेले नव्हते.